मागच्या जाळीवरची मडकी

आप्पांचा कॉम्प्युटर एक फाइल उघडायला सात मिनिटं घेत होता. भार्गवीने घड्याळ लावून मोजलं होतं. संध्याकाळी पाचच्या आत फाइली फळसंशोधनवाल्यांकडे गेल्या नाहीत, तर त्यांच्या पाहणीत आप्पांची बाग नसणार होती. कुठल्या कलमाला मोहोर कधी आला, पहाटे थंडी किती, तुडतुडे कधी पडले, अशा सव्वीस वर्षांच्या नोंदी त्या एका डब्यात होत्या, आणि डबा मान टाकायला आला होता.

"व्हायरस असणार गो," आप्पा म्हणाले. तिचे हे काका रत्नागिरीत भूगोल शिकवून निवृत्त झाले होते.

"व्हायरस नाही. डिस्कही निम्मी रिकामी आहे."

"मग म्हातारपण. माझ्यासारखंच."

"म्हातारं माणूस सुरुवातीला धावून मग रांगायला लागत नाही, आप्पा."

तीच तर गंमत होती. चालू केल्यावर दहा मिनिटं तो धड चाले, मग ढेपाळे. भार्गवी पडद्यावरचा प्रोसेसरच्या वेगाचा आकडा बघत बसली. सव्वातीनवरून दोन, दोनवरून पाऊण. तिने डब्याला हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"बिघडलेला नाहीये," ती हळूच म्हणाली. पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात वाचलेलं आज समोर घडत होतं, आणि तिच्या अंगावर काटा आला. "तापलाय. जळून जाऊ नये म्हणून आपणहून सावकाश चाललाय. पंखा अडकला असणार."

तिने डबा फिरवायला घेतला, तसे आप्पा ओरडले, "अगो, मागनं हात लावू नको!"

मागच्या पंख्याच्या जाळीवर तांबड्या मातीची बोटाच्या पेराएवढी तीन मडकी होती. दोन बंद, तिसरं उघड्या तोंडाचं. कुंभारीण माशीचं काम. मातीचा एक लपका जाळीतून आत जाऊन पंख्याच्या पात्याला चिकटला होता.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होय तर. आठ दिवस सावर्ड्यात होतो, तेव्हा बांधलंन." आप्पांनी माजघराकडे पाहिलं. त्यांची लेक सुमेधा आत आडवी झाली होती. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर आता सातवा महिना. कुंभारणीने घरात घर केलं की पाळणा हलतो, आणि मडकी रिकामी होईपर्यंत ती कुणी फोडायची नाहीत, ही या घरची रीत.

"भूगोलाचे मास्तर ना तुम्ही?"

"भूगोल शाळेत. हे घर आहे." मग ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "राहू देत त्या नोंदी. नाही गेल्या तर नाही गेल्या."

सव्वीस वर्षं पहाटे उठून नोंदी ठेवणारा माणूस हे म्हणत होता. भार्गवीने मोबाइलच्या उजेडात उघड्या मडक्यात डोकावलं. आत हिरव्या अळ्या ठासून भरल्या होत्या. मेलेल्या नव्हत्या, डंख मारून बधिर केलेल्या. अंड्यातून बाहेर येणाऱ्या पिलाला ताजं खायला मिळावं म्हणून.

"आप्पा, मडकी मागच्या पत्र्यावर आहेत. बाजूचा पत्रा वेगळा निघतो."

तिने मशीन बंद केलं. दोन स्क्रू सोडवताना आप्पांनी डबा लहान मूल धरावं तसा धरून ठेवला होता. पत्रा निघाला आणि गरम वाफ तिच्या तोंडावर आली. तिने टेबलफॅन उघड्या बाजूकडे वळवला आणि मशीन पुन्हा चालू केलं. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. वेगाचा आकडा सव्वातीनवरून हलला नाही. फाइली एकामागून एक उघडत गेल्या.

इतक्यात खिडकीतून गुणगुण आली. कमरेला दोऱ्याएवढी बारीक माशी, तोंडात ओल्या मातीची गोळी. पंखा, माणसं, उघडा डबा, कशाकडेही न बघता ती सरळ तिसऱ्या मडक्यावर उतरली आणि त्याचं तोंड लिंपू लागली. दोघं श्वास रोखून बघत राहिली.

पाचला वीस मिनिटं होती. भार्गवीचं बोट पाठवण्याच्या बटणावर गेलं.

"जरा थांब गो," आप्पा कुजबुजले. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, आजच्या तारखेच्या ओळीत 'इतर' या रकान्यात एका बोटाने टाइप केलं : कुंभारीण. तिसरं मडकं बंद.

"हां. आता जाऊ दे."