चौथी खुर्ची

माझ्या सासरचा धंदा शब्दकोशाचा. त्यातही सध्याचा कोश नुसत्या क्रियाविशेषणांचा. माणसं काय करतात ते राहू दे बाजूला, कशी करतात तेवढं सांगणारा. मोठ्या टेबलाशी सासरे, चुलतसासरे म्हणजे काका, आणि आत्याबाई बसतात. मी दाराजवळच्या स्टुलावर. लग्नाआधी मी वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची, पण त्या टेबलाशी रक्ताचंच माणूस बसणार, असा घरचा दंडक. मी कागद उचलायचे, चहा द्यायचा आणि गप्प बसायचं. पहिल्या दोन गोष्टी मला जमतात. मला तिथे खुर्ची हवी होती, आणि तसं मी तोंडाने सांगितलंही होतं. तेव्हा तिघंही खिडकीबाहेर बघायला लागले. खिडकीबाहेर आमच्याच मागच्या अंगणाची भिंत आहे.

कामाचा नियम एकच. उदाहरणातली गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली हवी, आणि तिघांनी मान डोलवायला हवी. त्यामुळे आमच्या कोशात 'धडपडत' उठतात ते काका आणि 'घटाघटा' पाणी पितात ते सासरे.

त्या दिवशी शब्द आला 'संकुचितपणे'. सासऱ्यांनी अर्थ झटक्यात लिहिला: फक्त आपल्या गोतावळ्यापुरतं पाहून, बाहेरच्याला थारा न देता. उदाहरणापाशी मात्र गाडी अडली.

"आपल्या घरात असलं काही नाही बुवा," काका म्हणाले.

"शेजारचे वागतात की तसे," आत्याबाई म्हणाल्या.

"तू कधी गेलीस त्यांच्याकडे?"

"छे! आपण कशाला जायचं?"

मी खोकल्याचं सोंग करून हसू दाबलं. तेवढ्यात खालच्या छापखान्यातून नवरा ओरडला, "बाबा, पान अडलंय! मशीन बंद करू का?"

सासऱ्यांनी नाइलाजाने माझ्याकडे पाहिलं. "सूनबाई, तू बाहेर हिंडतेस. तुझ्या पाहण्यात कुणी आहे असं?"

"आहे की. लिहून घ्या. 'त्या तिघांनी घरात आलेल्या बाईला संकुचितपणे टेबलापासून लांब, स्टुलावरच बसवलं.'"

"कोण ही माणसं?" काका भडकले. "लाज कशी वाटत नाही?"

"मेली शिकलेली माणसं असणार," आत्याबाई म्हणाल्या.

सासरे लिहिता लिहिता थांबले. त्यांची नजर टेबलावरून निघाली, स्टुलापाशी आली आणि तिथेच अडकली. आता हे 'ऊठ' म्हणाले, तर आहे ते स्टूलही जाणार होतं.

"हे," त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "आपण तिघांनी पाहिलंय का?"

काका खिडकीकडे वळले. आत्याबाई मात्र ताडकन उठल्या, आतल्या खोलीतून एक खुर्ची फरफटत आणली आणि टेबलाशी आदळली.

"पाहिलंय. रोज पाहिलंय. बस गं."

"पण मग आता वाक्य खोटं झालं ना," काका पुटपुटले.

"मघापर्यंत खरं होतं," मी म्हटलं आणि बसून घेतलं. खुर्चीचा एक पाय आखूड होता, पण कोण तक्रार करतंय!

सासऱ्यांनी मान डोलावली. काकांनीही डोलावली, जरा उशिराने. कागद खाली गेला.

पुढचा शब्द होता 'संकोचाने'. सासऱ्यांनी तो वाचला आणि वर न बघता आपल्या कागदांचा ढीग थोडा बाजूला सरकवला. माझं कोपर टेकेल एवढी जागा झाली.

"उदाहरण?" त्यांनी विचारलं.

"आत्ताच पाहिलं, बाबा," मी म्हणाले.