माझ्यामुळं कावळा अडला म्हणे

बारामतीच्या वाचनालयातली ती जाडजूड रशियन कादंबरी मी दोनदा वाचली. एक दारुडा, घरबुडवा बाप असतो. पोरांना तो नकोसा झालेला असतो. खून एकच जण करतो, पण ज्यांना ज्यांना तो मरायला हवा होता ते सगळेच अपराधी, असं लेखक पानोपानी बजावतो. मी समासात पेन्सिलीनं लिहिलं, ‘साफ खोटं!’ त्याचं काय जातंय लिहायला? माझ्या आईच्या पाठीवरचे वळ त्यानं कुठं बघितलेत!

माझे वडील रामहरी, आमचे तात्या, दारूनंच गेले. आदल्या दिवशी त्यांनी आईवर पुन्हा हात उचलला, तेव्हा मी ओरडले होते, “मरा एकदाचे!” सगळ्या आळीनं ऐकलं. सकाळी ते उठलेच नाहीत.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. दोन तास झाले, कावळे बाभळीवर बसून नुसते बघत होते. गेलेल्याची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, म्हणून जो तो हात जोडून शब्द देत होता. भाऊ ऋषिराज म्हणाला, “तात्या, आईला सांभाळतो.” एक कावळा हलेल तर शपथ! मग चुलते आबासाहेब माझ्याकडं वळले. वडलांनी आपल्या दारूच्या दोस्ताच्या पोराशी माझं लग्न ठरवलं होतं, ते मी मोडलं होतं.

“राजेश्वरी, तुझ्या तोंडानं बाप गेला. आता तरी म्हण, त्या पोराशी लगीन करते. मोकळा कर बापाला.”

खरं सांगते, क्षणभर वाटलं, मीच मारलं. त्या लेखकाचंच खरं. देऊन टाकावा शब्द. मग आबांचा तो समाधानी चेहरा बघितला आणि डोकंच फिरलं.

“व्हय, वाटलं हुतं मला मरावं त्यांनी! ऋषीला वाटलं न्हाय? आबा, तुमी सोता म्हनला न्हाय, ह्यो गेला तर घर सुटंल? वाटण्यानं मानूस मरत न्हाय. मी शब्द देनार न्हाय. बसा अंधार पडूस्तवर!”

ऋषिराजनं मान खाली घातली. आबा कडाडले, “पाप लागंल!”

“लागू द्या!”

तेवढ्यात आई उठली. कधी चारचौघांत तोंड न उघडलेली बाई, सरळ आबांपुढं येऊन उभी राहिली.

“तीस वरसं देवाकडं मी रोज त्येच मागितलं, भावजी. पाप माझ्या नावावर घाला. भटजी, दर्भाचा कावळा करा, शिववा अन् उरका. पोर मिळनार न्हाय.”