अकरावी सदस्या

“मराठवाड्यातली स्त्री आज तंत्रज्ञानाच्या शिखरावर उभी आहे!” राजकन्यानं जाहीर केलं. तेवढ्यात खालची डाळमिल सुरू झाली, शिखराची फरशी थरथरली, आणि दहापैकी सात जणी अनवाणीच जिना उतरून रस्त्यावर गेल्या. त्र्याण्णवच्या भूकंपाला चोवीस वर्षं झाली होती. पण पायांना कोण सांगणार?

लातुरात शिकवणी वर्गांचं पीक जोरात होतं, आणि त्यांच्या ऑनलाइन परीक्षा चालवणाऱ्या कंपन्यांचंही. त्या कंपन्यांत वरच्या खुर्चीवर बसलेल्या बायकांची ही संघटना. राजकन्या तिची अध्यक्ष. नोंदणीला अकरा नावं हवी होती, भरली दहा. अकराव्या ओळीवर तिच्या हातानं आपोआप लिहिलं: शिवम्मा.

शिवम्मा शाळेत तिच्या बाकावरची. गणितात ती कायम पहिली, राजकन्या कायम दुसरी. भूकंपात शिवम्मा घराच्या पांढऱ्या मातीखाली गेली. नंतर पत्र्याच्या शाळेत केरबा गुरुजी जुन्याच हजेरीपटावरून नावं वाचायचे. गेलेल्याचं नाव आलं की शेजारचं पोर “हजर” म्हणायचं, आणि गुरुजी मान वर न करता खूण करायचे. राजकन्यानं वर्षभर शिवम्माची हजेरी लावली. त्या वर्षी राजकन्या पहिली आली.

नाव लिहिलं म्हणजे फोन नंबरही आला. तिनं आपला जुना फोन चालू करून ‘शिवम्मा’ला संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपात घातलं, मग बॅटरी काढून फोन खणात टाकला.

पंधरा दिवसांनी ग्रुपात शिवम्मा बोलली. “राजी, तुझ्या कंपनीच्या सराव परीक्षेतलं सातवं उत्तर चुकलं. ब पाहिजे.”

राजकन्यानं कागद घेऊन गणित सोडवलं. ब. तिला राजी म्हणणारं आता जगात कुणी नव्हतं. तिनं खण उघडला. फोन बंद, बॅटरी बाजूला, आणि दोन्हींवर बोटभर पांढरी माती.

पुढं हे नेहमीचंच झालं. ऐन परीक्षेत सर्व्हर बसला की शिवम्मा दोन ओळींत उपाय सांगायची. “बंगळूरला असतील बाई,” संघटनेतली आलिया म्हणायची, “नावावरून वाटतंय.” राजकन्या मान डोलवायची आणि खणाला कुलूप आहे ना, ते पाहायची.

निवडणुकीच्या बैठकीत उदगीरची जोहरा उठली. “राजकन्याताई, राग नका मानू. पण अध्यक्ष शिवम्माताईच पाहिजेत. भाषण न्हाई, फोटो न्हाई, पुढं पुढं करणं न्हाई. असा माणूस मिळतो कुठं?”

टाळ्या पडल्या. पुन्हा दुसरी! गप्प बसावं तर खुर्ची जाते. बोलावं तर शिवम्माला आपल्या हातानं दुसऱ्यांदा पुरावं लागतं.

“ती त्र्याण्णवलाच गेली,” ती शेवटी म्हणाली. “हजेरी मी लावली. तवा बी अन् आता बी. पहिला नंबर तिचाच होता. करा तिलाच अध्यक्ष.”

कुणी हसलं नाही. तिथल्या बहुतेकींनी कधी ना कधी कुणासाठी तरी “हजर” म्हटलेलं होतं. जोहरानं संघटनेची नियमावली उघडली. “पण मग… उमेदवाराची संमती लागंल ना?”

दहाही फोन एकदम वाजले.

“अध्यक्ष तूच ऱ्हा, राजी. मला फक्त ह्या ग्रुपातून काढ. रोज पहाटे गुलाबाची फुलं अन् सुविचार यायलेत, झोपू देईनात.”