काळ्या बॉलआधीचा सत्कार

मृणाल काळ्या बॉलवर वाकली होती, तेवढ्यात विनायकरावांनी माइक सुरू केला.

"एक मिनिट, एक मिनिट! बेटा, जरा थांब."

तेरा वर्षांची पोर क्यूची काठी हातात धरून अर्धवट वाकलेली तशीच राहिली. मग सरळ झाली आणि माझ्याकडे बघायला लागली, कारण पंच मी होते.

दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये पूलचं एक टेबल आहे. केंद्र सरकारच्या नोकरीत असताना ऑफिसच्या स्टाफ क्लबात मी हा खेळ शिकले आणि निवृत्त झाल्यापासून शनिवार-रविवारी मंडळातल्या मुलांना तो शिकवते. मृणाल माझी विद्यार्थिनी, आणि समोर खुर्चीवर बसलेला सुधन्वाही माझाच विद्यार्थी. त्या रविवारी दोघांचा अंतिम सामना होता. दोन-दोन डाव झाले होते आणि पाचव्या डावात टेबलावर दोनच बॉल उरले होते, पांढरा आणि काळा. काळा ज्याने घातला तो जिंकला. जिंकणाऱ्याला गुडगावच्या एका अकादमीचं दहा दिवसांचं शिबिर मिळणार होतं. मंडळाला जागा एकच होती. त्या जागेसाठी मृणालने दिवाळीची सुट्टीसुद्धा या टेबलाशी काढली होती.

"विनायकराव, डाव चालू आहे," मी म्हटलं.

"अहो कुमुदताई, दोन मिनिटांचं काम. साहेबांना एक वाजता नोएडाला पोचायचंय. सत्कार राहून गेला तर कसं दिसेल?"

साहेब म्हणजे दीनानाथ साहेब, मंडळाचे अध्यक्ष आणि त्या दिवशीचे प्रमुख पाहुणे. मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. माणूस वाईट नाही. पण ते आले की आमचे चिटणीस विनायकराव खुर्चीला पाठ टेकवत नाहीत. कसं दिसेल, म्हणे! मुलीला ऐन शेवटच्या फटक्यावर उभं करून ठेवलं, ते कसं दिसत होतं? मी तेव्हाच ठाम नाही म्हणायला हवं होतं. पंचाला तेवढा अधिकार असतो. मी गप्प राहिले आणि त्याचा राग मला आजही येतो.

सत्कार स्टेजवर झाला असता तरी चाललं असतं. पण विनायकरावांना फोटोत टेबल हवं होतं. "स्मरणिकेत छान येईल. साहेब, असे इकडे या, अगदी टेबलाला लागून." शाल आली, श्रीफळ आलं. फोटोला हात मोकळे हवेत म्हणून श्रीफळ कुठे ठेवलं, तर टेबलाच्या हिरव्या कापडावर! ज्या कापडावर मी मुलांना कोपर टेकू देत नाही, त्यावर शेंडीचा नारळ. मी पुढे होऊन तो उचलला. तोवर साहेब कॅमेऱ्याकडे वळले, शालीचे गोंडे टेबलावरून फिरले आणि पांढरा बॉल चांगला चार बोटं सरकला.

फोटोच्या गडबडीत बाकी मोठ्यांपैकी कुणाचंही लक्ष नव्हतं. विनायकराव पुढच्या कामाला लागले होते.

"आता शिबिराचं पत्रपण साहेबांच्या हस्तेच देऊन टाकू. सुधन्वा, ये बेटा."

"अजून कुणी जिंकलेलं नाही," मी म्हटलं.

"फोटोपुरतं हो, ताई!"

सुधन्वा जागचा हलेना. त्याच्या बाबांनी त्याला कोपराने ढोसलं, "जा ना यार, साहेब थांबलेत." पोरगा मान खाली घालून उठला. पत्र फोटोत दिसावं म्हणून विनायकरावांनी ते पाकिटातून काढून त्याच्या हातात दिलं. मी शेजारीच होते. खाली साहेबांची सही होती आणि वर विनायकरावांच्या गोल अक्षरात नाव होतं सुधन्वाचं.

"हे कधी लिहिलंत?"

"सकाळी. सही घ्यायची होती ना साहेबांची. दोन वर्षं तोच जिंकतोय, म्हटलं कोरं पत्र साहेबांपुढे कसं ठेवायचं?"

मृणाल तीन पावलांवर उभी होती. तिने सगळं ऐकलं.

मी मुलांना 'घाबरू नका' असं कधी सांगत नाही. त्याचा काही उपयोग नसतो. घाबरू नको म्हटलं की मूल भीतीकडेच बघत बसतं. मी मनाला काम देते. फटक्याआधी तीन गोष्टी ओठांतल्या ओठांत म्हणायच्या: पांढरा कुठे आहे, काळा कुठे आहे, तो जाणार कुठे. मग एक श्वास सोडायचा आणि मारायचं. मधे काहीही झालं, कुणी शिंकलं, कुणाचा फोन वाजला, तरी उभं राहायचं आणि पहिल्यापासून सुरू करायचं. हे अंगवळणी पडायला मुलांना वर्ष लागतं. फोनचं आणि शिंकेचं मी शिकवलं होतं. डाव संपायच्या आधीच दुसऱ्याच्या नावाचं पत्र लिहून ठेवलं असेल तर काय करायचं, हे मी कुठून शिकवणार? अशी वेळ आपल्याच मंडळात येईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

टाळ्या झाल्या. साहेब निघाले. अर्धा हॉल त्यांना गाडीपर्यंत सोडायला गेला, उरलेला अर्धा जेवणाच्या टेबलांकडे सरकला.

"चल बेटा, मार आता पटकन," विनायकराव परत येऊन म्हणाले. "पुऱ्या गार होतायत."

मृणालने क्यू उचलला नाही. "मावशी, बॉल हलला," ती मला म्हणाली.

"कुठे हलला?" विनायकराव हसले. "आणि हलला तर इंचभर. इंचाने काय फरक पडतो?"

इंचाने काय फरक पडतो! अहो, केसभर चुकलं तर काळा बॉल कुशनला, म्हणजे टेबलाच्या रबरी कडेला, लागून परत येतो. इंचाने अख्खा कोन बदलतो. शाल दोन इंच तिरकी पडली असती तर त्यांनीच पुन्हा फोटो काढायला लावला असता.

"हलला, मी पाहिलाय. पण आधीची नेमकी जागा मलाही सांगता येणार नाही. कुणाकडे व्हिडिओ आहे का?" मी विचारलं. तीस-चाळीस फोन वर झाले होते, मी पाहिले होते. सगळ्यांनी शोधलं. सगळ्यांकडे साहेब होते. टेबलावरचा बॉल एकाकडेही नव्हता.

"मला माहितीये कुठे होता," मृणाल म्हणाली. "मी म्हटलं होतं ना मनात. कडेवरच्या या तिसऱ्या खुणेसमोर, कुशनपासून माझी एक वीत."

"वा! ती म्हणेल तिथे ठेवायचा का?" सुधन्वाचे बाबा पुरीचं ताट घेऊन उभे होते. "ये तो गलत है ना, मावशी."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी मृणालला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि पलीकडे जेवणाच्या टेबलांशी उभ्या सुधन्वाला बोलावलं; तिचं बोलणं त्याच्यापर्यंत पोचलं नव्हतं. "तू खुर्चीवरून बघत होतास. पांढरा कुठे होता?"

त्याच्या हातात ते पत्र अजून होतं. बॉल आत्ता होता तिथून फटका जवळजवळ अशक्य होता. तो नुसता 'इथेच होता' म्हणाला असता तरी चाललं असतं. त्याने बाबांकडे पाहिलं नाही. तिसऱ्या खुणेसमोर बोट टेकवलं. "इथे. कुशनपासून एवढा."

मृणालला वळवलं आणि वीत मोजायला सांगितली. तिच्या करंगळीचं टोक त्याच्या बोटाला लागलं. मी बॉल तिथे ठेवला.

"झालं? मार बेटा, मार," विनायकराव म्हणाले. "नुसतं सरळ तर मारायचंय."

तेव्हा माझा तोल सुटला. आयुष्यात कुठल्याही मुलासमोर मी आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "विनायकराव, खाली बसा! एका मुलीचा डाव तुम्ही फोटोसाठी मोडलात, तिच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याचं नाव लिहिलेलं पत्र वाटलंत, बॉल हलवलात, आणि वर तिला घाई करता? लाज..."

"मावशी."

मृणाल क्यूच्या टोकाला खडू लावत होती.

"तुम्हीपण प्लीज. मला पहिल्यापासून सुरू करायचंय."

मी तोंड मिटलं. हॉलमध्ये सगळ्यांत मोठा आवाज त्या क्षणी माझाच होता.

तिने खडू ठेवला. टेबलाला एक चक्कर मारली, कुणाकडेही न बघता. उजव्या कोपऱ्याच्या पॉकेटला हात लावून दाखवलं, इथे जाणार. परत आली. ओठ हलले, तीनदा. वाकली. एकदा मधेच वाढप्याच्या हातून भाजीचा मोठा चमचा पडला, मोठा आवाज झाला. ती उभी राहिली, पुन्हा ओठ हलले, पुन्हा वाकली. श्वास सोडला. मारलं.

पांढऱ्याने काळ्याला अगदी कडेने स्पर्श केला. काळा कुशनला चिकटून हळूहळू गेला, इतका हळू की मला वाटलं थांबतोय, आणि कोपऱ्यात पडला. पांढरा दोनदा आपटून टेबलाच्या मधोमध थांबला.

बघायला आम्ही सात-आठ जण होतो. टाळी पहिली सुधन्वाने वाजवली. मग तो आला आणि पत्र मृणालपुढे धरलं. "ये तेरा है. नाव चुकलंय फक्त."

"थांबा, थांबा," विनायकराव उठले. "असं नाही चालणार. साहेबांची सही आहे त्यावर. सही झालेल्या कागदावर खाडाखोड कशी करायची? पुढच्या वर्षी हिचं नाव नक्की..."

"साहेबांना फोन लावा."

"ते गाडीत असतील. कशाला त्रास?"

मीच लावला आणि स्पीकरवर टाकला. "कोण जिंकलं? ती मुलगी?" साहेब म्हणाले. "मग तिचं नाव घाला ना. मला काय विचारता?"

तरीही विनायकराव पत्राला हात लावेनात. बत्तीस वर्षं सरकारी नोकरी त्यांनीही केली होती; सही दिसली की हात आपोआप मागे जातो. पण मीसुद्धा त्याच नोकरीत केस पांढरे केले होते. मी पत्र टेबलाच्या लाकडी कडेवर ठेवलं, सुधन्वाच्या नावावर एक सरळ रेघ ओढली, आधीचं नाव वाचता येईल अशी, आणि वर मृणालचं पूर्ण नाव लिहिलं.

"दुरुस्तीशेजारी चिटणिसाची सही लागते," मी म्हटलं आणि पेन पुढे केलं.

"कुमुदताई, जेवण तरी होऊ द्या."

"आत्ता."

त्यांनी सही केली. अक्षर नेहमीसारखं गोल आलं नाही. पेन माझ्या हातात द्यायला लागले, ते मी घेतलं नाही.

"तारीख घाला," मी म्हटलं.