डावा पीळ

माघातलं ऊन, केशराच्या काडीसारखं बारीक, संग्रहालयाच्या उंच खिडकीतून उतरलं आणि काचेमागच्या वस्त्रावर थबकलं. त्या उजेडात अच्युतराव टिळेकरांना ते पत्र आठवलं. सात वर्षं उत्तर न दिलेलं पत्र.

पाटी सांगत होती: नाईलकाठच्या कॉप्ट, म्हणजे इजिप्तमधल्या जुन्या ख्रिस्ती, विणकरांचं वस्त्र, मृतांच्या अंगावर दीड हजार वर्षं निजलेलं. डाळिंबी लाल, नीलश्याम निळं. द्राक्षवेलींत बदकं, आणि बदकांच्या डोळ्यांत अजून जाग.

अशाच वस्त्रांवर अच्युतरावांनी वीस वर्षं एक वही भरली होती. भिडस्त माणूस, छापायचा धीर झाला नाही. याच संग्रहालयातल्या कारखानीसांनी ती वाचायला नेली, आणि वही पुस्तक होऊन परतली, कारखानीसांच्या नावाचं. आभारांच्या तळाशी, बारीक टायपात: ‘श्री. तिळेकर’.

मग कधीतरी कारखानीसांचंच पत्र आलं. संग्रहालयासाठी घ्यायच्या वस्त्राचं छायाचित्र, आणि एक ओळ: ‘कॉप्टच ना? धाग्याचा पीळ पाहून कळवा.’

नाईलकाठचं सूत डावीकडे वळतं. छायाचित्रात ते उजवीकडे वळलं होतं. पण छायाचित्रच उलटं छापलं असेल तर? शंकेनं त्यांचा हात धरला. आणि शंकेच्या सावलीत एक काळा, गोड आनंद अंग चोरून बसला. वस्त्र काचेत गेलं, दिव्यांत न्हालं. अच्युतराव इकडे फिरकले नाहीत.

आज त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. उजवा. पुसून पुन्हा लावलं. उजवा. लाल धागा उजवा, निळा धागा उजवा, बदकाचा जागा डोळासुद्धा उजवा. अलीकडच्याच कुणा चतुर हाताचं काम.

घरी मालतीबाईंनी पाकीट पाहिलं. “सात वर्षं पत्र उशाशी ठेवलंत, आणि आज शाई वाळेपर्यंत दम नाही?”

“गुरुवारी सत्कार आहे त्याचा. याच वस्त्रासाठी. व्यासपीठावर चढण्याआधी हातात पडायला हवं.”

“अभिनंदन कळवताय?”

“पीळ कळवतोय.”

“धाग्याचा, की तुमचा?”

अच्युतराव चपला शोधत राहिले.

पाकिटात दोनच शब्द होते: ‘पीळ उजवा.’ खाली सही, टिळेकर. त्यातला ट ठसठशीत. पत्त्यावर कारखानीसांचं नाव, एकही काना, एकही वेलांटी न चुकवता.

कोपऱ्यावरची टपालपेटी उन्हात तापलेली, डाळिंबी लाल. पाकीट सुटलं, आतल्या अंधारात कागदावर कागद निजल्याचा हलका आवाज झाला. अच्युतरावांची बोटं मात्र हवेत वळत राहिली, न दिसणारा धागा पिळत, डावीकडे, डावीकडे, डावीकडे.