चिकटलेली पानं

पानगळ सुरू झाली आणि त्या घराला उसंत म्हणून राहिली नाही. मुलींना शाळेत न घालता घरीच शिकवायचं हा आजोबांच्या सुनेचा निर्णय, आणि तो ती कंबर कसून पार पाडत होती. सकाळी गणित, मग थोरलीचं व्हायोलिन, दुपारी दोघींचं पोहणं, संध्याकाळी बागेत पडलेली पानं वेचून झाडं ओळखणं. जेवायला बसायचं तर आधी टेबलावरचा मातीचा ज्वालामुखी उचलावा लागे.

आजोबांकडे एकच काम होतं. सात वर्षांच्या धाकटीला गोष्टी वाचून दाखवायच्या. अक्षरं सून शिकवतेय, असं ते धरून चालले होते. सून धरून चालली होती, की ती आजोबा शिकवताहेत. दुकानाच्या पाट्या, बिस्किटांचे पुडे थोरलीच धाकटीला वाचून देत असे. पण तिला विचारतो कोण!

एके दिवशी धाकटी आजोबांना कासवाची गोष्ट ‘वाचून’ दाखवत होती. कधीतरी सांडलेल्या दुधानं मधली दोन पानं चिकटली होती. ती एकदम उलटली गेली, तरी आतल्या, न दिसणाऱ्या ओळी धाकटीनं खणखणीत म्हणून टाकल्या. आजोबांनी दुसरं, नवं पुस्तक पुढं केलं. तिनं चित्र पाहिलं, मग त्यांच्याकडे पाहिलं.

"हे तुम्हीच वाचा ना. तुम्ही राक्षसाचा आवाज मस्त काढता."

सुनेला सांगायला ते स्वयंपाकघरात गेले. ती एका हातानं भाजी ढवळत होती, दुसऱ्या हातानं पोहण्याचे ओले कपडे पिळत होती.

"बाबा, सोमवारी शिक्षण खात्याच्या बाई तपासायला येताहेत. त्यांना पटलं नाही, तर दोघींना शाळेत घालावं लागेल. थोरलीच्या भूगोलाची धास्ती आहे. धाकटीचं वाचन काय, तुम्ही आहातच."

आजोबा पाणी पिऊन परत आले. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं त्यांनी मनाला बजावलं. रविवारी घरात कुणी नसताना त्यांनी ती दोन पानं किटलीच्या वाफेवर धरून अलगद सोडवली.

सोमवारी बाई म्हणाल्या, "काहीतरी वाचून दाखव बरं." आजोबांनी चटकन उठून कासवाचं पुस्तक दिलं. धाकटीनं वेळेवर पानं उलटली, ओळींखालून बोटही फिरवलं.

"वा! अगदी हावभावांसकट!" बाई खूश झाल्या.

"आजोबांची तालीम!" सून म्हणाली.

बाई बाहेर पडल्या. धाकटी आजोबांना येऊन चिकटली.

"आजोबा, आपण फसवलं ना त्यांना?" ती कानात कुजबुजली. "आईला नका सांगू हं. मी सगळी पुस्तकं पाठ करीन."

आपण! आजोबांना तो शब्द सोसेना. त्यांनी सुनेला हाक मारली, आणि चाचरत, तिची नजर चुकवत, सगळं सांगितलं. अगदी किटलीसुद्धा.

"पण तिला तर तुम्ही..." सून म्हणता म्हणता थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं, बाबा? आणि मला बोलला नाहीत?"

ती ओरडली असती तर बरं झालं असतं.

खिडकीबाहेर बाई गाडीच्या काचेवरची ओली पानं काढत होत्या.

"मी जाऊन सांगतो," आजोबा म्हणाले.

ते चपला शोधू लागले, तर धाकटीनं त्या आधीच आणून त्यांच्या पायांशी ठेवल्या होत्या. उलट्या-सुलट्या, पण ठेवल्या होत्या.