तीस रुपयांतलं घर

गुरुसिद्धप्पांनी तूरडाळीचा डबा परातीत उपडा केला, मापानं मोजून डाळ पुन्हा डब्यात भरली आणि चुलीपुढं बसलेल्या बायकोकडं न बघताच म्हणाले,

"आजपासून कोठीची किल्ली आणि घरखर्च माझ्याकडं."

शिवकांतानं तव्यावरची भाकरी उलटली, हात पुसला आणि कमरेची किल्ली काढून पाटाशेजारी ठेवली. गुरुसिद्धप्पांना ते जरा खटकलं. शाळेतून येताना वाटेत त्यांनी वादाची सगळी तयारी केली होती.

मुरुमच्या सरकारी शाळेत ते हिशेब शिकवत. पगार तीस रुपये, निजामाच्या हाली नाण्यात. सरकारी फसली महिना संपला की तो हातात पडे आणि त्याच संध्याकाळी शिवकांताच्या हवाली होई. पुढच्या पगारापर्यंत त्यातला एक आणाही उरत नसे. लढाईमुळं सगळं महागलंय हे त्यांना मान्य होतं. पण लेकीची, नीलाची, चौथी यंदा होणार होती. मुलींची पुढची शाळा सोलापूरला, आणि तिथल्या वसतिगृहाचे महिन्याला चार रुपये, तेही इंग्रजांचे कलदार. म्हणजे हाली पावणेपाच झाले. गुरुसिद्धप्पांनी होकार कळवूनसुद्धा टाकला होता. दर महिन्याला काहीतरी बाजूला टाक, असं ते बायकोला सांगत आले होते, आणि दर महिन्याला ती म्हणे, "न्हाय उरलं."

"गेले कुठं?"

"घरालाच गेले की."

हिशेब शिकवणाऱ्या माणसानं असलं उत्तर किती दिवस ऐकून घ्यायचं?

तिसात भागतंय, असं बायकोला ऐकवून त्यांनी पगाराच्या पुरचुंड्या केल्या. जोंधळा, तेल-मीठ, दूध, रॉकेल, पाहुणे. सोलापूरची पुरचुंडी सगळ्यांत आधी बांधून भिंतीतल्या देवळीत ठेवली. पहिला आठवडा इतका सरळ गेला, की शाळेत दुसऱ्या मास्तरांना त्यांनी दोन शब्द ऐकवलेसुद्धा.

मग जळकोटहून थोरली बहीण शांताक्का आल्या, दोन नातवंडांना घेऊन. बाजार करून संध्याकाळी जाणार होत्या, चार दिवस राहिल्या.

"गुरू, लेकरं शेंगापोळीच्या आशेनं आल्यात," त्या उंबऱ्यावर पाय सैल सोडून म्हणाल्या. "शिवकांताच्या हातची लई आवडती त्यांना."

गुरुसिद्धप्पा शेंगदाणे आणि गूळ आणायला गेले. जाताना त्यांनी पाहुण्यांची पुरचुंडी सोडली, आणि येताना तेलाचीही सोडावी लागली. घरी आल्यावर शिवकांतानं गूळ हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला.

"एवढ्यात चार माणसांच्या व्हतील," ती म्हणाली. "आपुन सहा हाय."

ते पुन्हा गेले.

सोमवारी स्वामी भिक्षेला आले. त्यांना जेवू घातल्याशिवाय पाठवायचं नाही, ही गुरुसिद्धप्पांच्या आईची रीत होती. शिवकांता तूप वाढताना ते नुसते तिच्या हाताकडं बघत राहिले. सरकारी भावाचं रॉकेल संपल्याचं दुकानदारानं सांगितलं, आणि तेच रॉकेल तो मागच्या दारानं दुपटीनं विकत होता. गुरुसिद्धप्पा त्याच्याशी भर बाजारात भांडले आणि रिकामी बाटली घेऊन परतले. त्या संध्याकाळी ते शिवकांतावर घसरले.

"दिवा लवकर मालवत जा."

"नीला वाचतीया."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मागच्या दारानं रॉकेल आणलं.

सगळ्यांत जास्त चिडचिड त्यांची शिवकांताला बघून व्हायची. ती मजेत होती. दुपारी जेवणं झाली की हातावर डोकं ठेवून निजायची. उन्हं कलली की नीलाची वेणी घालत अंगणात बसायची. एकदा तर ते शाळेतून आले तेव्हा ती शेजारच्या ओट्यावर हसत बसली होती. इकडं आपण एकेका आण्यासाठी बाजारात घसा कोरडा करतोय आणि हिला हसू सुचतंय, असं मनात येऊन त्यांनी चपला जरा जोरातच काढल्या.

महिना संपायला आठवडा होता तेव्हा देवळी रिकामी झाली. सोलापूरची पुरचुंडी जोंधळ्यात गेली. कल्याणप्पांच्या दुकानात त्यांनी मिठाचा खडा आणि अर्धा शेर डाळ मागितली आणि खिशात हात घालून उभे राहिले.

"लिवून ठेवू का मास्तर?" कल्याणप्पांनी साधेपणानं विचारलं.

गुरुसिद्धप्पांनी मान डोलावली. उधारी करणाऱ्यांना नावं ठेवत त्यांनी याच दुकानासमोर कितीदा तरी भाषण केलं होतं.

निजामाच्या राज्यात शाळेला शुक्रवारी सुट्टी. ते ओट्यावर बसले होते, तेवढ्यात मथुराबाई आल्या. पेठेच्या पलीकडं राहणाऱ्या शेतकऱ्याच्या घरच्या. डोक्यावर जुन्या लुगड्यांचं गाठोडं.

"शिवकांताबाई हायत का मास्तर? दोन गोधड्या घालून घ्यायच्या व्हत्या."

"आहेत. पण तिला सांगून बघा, फुकटच्या कामाला आता..."

"फुकट कशाला?" मथुराबाईंना ते लागलं. "दीड रुपया देतो की एकीला. आमी कुणाचं फुकट घेत न्हाय."

गुरुसिद्धप्पा त्यांच्याकडं बघत राहिले. घरात गोधड्या पसरलेल्या त्यांनी कायम बघितल्या होत्या. शेजारणींची हौस म्हणून बायको शिवते, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

शिवकांता दारात आली. "ह्या महिन्यात न्हाय जमायचं, मथुराबाई."

"आवो, थंडी सरंल आता. दुसऱ्या कुणाचा टाका इतका बारीक येत न्हाय."

"न्हाय जमायचं."

मथुराबाई गाठोडं सावरत गेल्या. गुरुसिद्धप्पा आत आले. शिवकांता पीठ चाळायला बसली होती.

"किती मिळायचे?"

"थंडीत सहा-सात. उन्हाळ्यात कमी."

"आणि ते..."

"घरालाच गेले की."

गुरुसिद्धप्पा तिच्यासमोर पाटावर बसले.

"मला कधी सांगितलं न्हाईस."

"गेले कुठं, एवढंच तुमी विचारलं. आले कुठनं, हे कवा विचारलं न्हाय."

"मग याच महिन्यात का थांबलीस?"

"तिसात भागतंय म्हणालात तुमी. मी म्हणलं, बघू. भागलं तर माझी बोटं तरी सुटतील." ती हे रागानं म्हणाली नाही. तिनं अंगठा तर्जनीच्या टोकावर फिरवला. तिथली कातडी काळपट, जाड झाली होती. त्या बोटाकडं गुरुसिद्धप्पांनी आजवर कधी नीट बघितलंच नव्हतं.

त्यांनी किल्ली काढून तिच्यापुढं ठेवली.

तिनं ती उचलली नाही. "ऱ्हाऊ द्या तुमच्याकडंच."

"भागत न्हाय तिसात," ते म्हणाले.

"ठावं हाय मला. पर आता तुमालाबी ठावं झालंय, तर तुमीच बघा कसं भागवायचं ते. मी शिवते. मातर ते पैसे आता घरात यायचे न्हाईत. ते नीलाचे." तिनं कोंडा झटकून बाजूला केला. "मथुराबाई लई लांब गेल्या नसतील."

गुरुसिद्धप्पांनी टोपी घातली. पेठेच्या वळणावर मथुराबाई भेटल्या. हात पुढं करून ते म्हणाले, "द्या इकडं." मथुराबाई आधी बुजल्या, मग त्यांनी गाठोडं दिलं. ते काखेत धरून मास्तर भर पेठेतून परत निघाले. शाळेतली दोन पोरं समोरून आली, थबकली आणि नमस्कार करून बाजूला झाली.

शिवकांतानं गाठोडं सोडलं. लुगडी एकेक करून उजेडाकडं धरली, विरलेली वेगळी काढली, धड असलेली वेगळी.

"दोरा लागंल," ती म्हणाली.

"आणतो मी."

"थांबा." ती आतून शिवणाच्या डब्यातले चार आणे घेऊन आली आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. "पांढरा आणा. दोन दुकानांत भाव बघून घ्या." ते दारापर्यंत गेल्यावर तिनं मागून हाक मारली.

"आणि काय लागलं, काय उरलं, ते आल्यावर सांगा मला."